न दुखणारा चावा: गोचिडीची लाळ शरीराला गप्प कशी करते

काजूची बोंडे पिकू लागली की सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडी आणि गोव्यातील सत्तरी या पट्ट्यात एक सूचना पुन्हा पुन्हा कानावर येते: रानात जाताना अंगभर कपडे घाला, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारे डीएमपी तेल लावा, आणि घरी परतल्यावर अंगावर कुठे गोचीड चिकटली आहे का ते नीट पाहा. या सूचनेमागे माकडताप आहे. क्यासनूर जंगलाचा आजार या नावाने ओळखला जाणारा हा विषाणूजन्य ताप १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम लक्षात आला, कारण त्या जंगलात माकडे मरून पडू लागली होती. त्याचा विषाणू पुण्याच्या तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, वेगळा करून दाखवला. सत्तरी तालुक्यात २०१५ साली आणि दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली त्याची साथ आली, आणि काजूच्या बागांत राबणारी माणसे तिच्या तडाख्यात सापडली. नाव माकडताप असले तरी माणसाला तो माकड चावून होत नाही. तो होतो संसर्ग झालेली गोचीड चावल्यामुळे.

त्या सूचनेतील ‘नीट पाहा’ या दोन शब्दांपाशी थोडे थांबावेसे वाटते. डास चावला तर पाहावे लागत नाही, हात आपोआप तिकडे जातो. लाल मुंगी चावली तर माणूस उडी मारतो. मग जी गोचीड कातडीत तोंड खुपसून दिवसच्या दिवस रक्त पिते, तिच्यासाठी आरशासमोर उभे राहून शोध का घ्यावा लागतो? तिचा चावा कळत का नाही, आणि कळत नाही याचा रोगाशी काय संबंध आहे? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर तिच्या लाळेत आहे.

धावती भेट आणि मुक्काम

गोचीड हा कीटक नाही. तिला आठ पाय असतात आणि ती कोळी-विंचवांच्या गोतातली आहे. फक्त अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा पाय असतात. जगात तिच्या सुमारे ९०० जाती आहेत. त्यांतील पाठीवर टणक ढाल असलेल्या, म्हणजे कठीण पाठीच्या गोचिडी एकदा चिकटल्या की पिल्लू असताना दोन-चार दिवस आणि पूर्ण वाढलेली मादी असेल तर साधारण आठवडाभर एकाच जागी रक्त पीत राहतात. गाईच्या कानामागे किंवा कासेजवळ हात फिरवला असता मऊशार, राखाडी, टम्म फुगलेली जी गोचीड हाताला लागते, ती चार-पाच दिवसांपूर्वी तिळाएवढी चपटी होती यावर विश्वास बसत नाही. पोट भरेपर्यंत तिचे वजन शंभर पटींहूनही अधिक वाढू शकते. लॅटिन भाषेत गोचिडीला ‘रिसिनस’ म्हणतात, आणि एरंडाचे शास्त्रीय नावही त्यावरूनच पडले, कारण एरंडाची बी हुबेहूब फुगलेल्या गोचिडीसारखी दिसते. एरंडी एकदा तळहातावर घेऊन पाहिली तर हे लगेच पटते.

सूक्ष्मदर्शकाखाली गोचिडीचे तोंड मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माशांचा गळ आठवला. मध्यभागी एक चपटी जीभ असावी तसा भाग असतो आणि त्यावर मागच्या बाजूला वळलेल्या दातांच्या रांगा असतात. आत जाताना ते दात अडत नाहीत, बाहेर ओढताना मात्र मांसात रुततात. त्यावर बऱ्याच जाती लाळेतूनच एक प्रकारचे सिमेंट सोडतात, ते तोंडाभोवती घट्ट होते आणि गोचीड कातडीला अक्षरशः बसवली जाते. माणूस गोचिडीसारखा चिकटला असे आपण म्हणतो, ते उगीच नाही.

पण चिकटणे हा सोपा भाग आहे. डास बारीक रक्तवाहिनी शोधून तीत सोंड घालतो, एक-दोन मिनिटांत पोट भरतो आणि उडून जातो. शरीर जागे होईपर्यंत तो भिंतीवर बसलेला असतो. गोचिडीची रीत वेगळी आहे. ती कातडीखालच्या सूक्ष्म वाहिन्या फोडते, तेथे रक्ताचे छोटे डबके तयार होते, आणि ती आळीपाळीने त्यात लाळ सोडते व त्यातील रक्त ओढून घेते. उघडी जखम आठवडाभर वाहती ठेवणे हे तिचे खरे काम आहे, आणि आपल्या शरीराची सारी रचना नेमकी याच्या उलट, म्हणजे जखम लवकरात लवकर बंद करण्यासाठी झालेली आहे.

जखम झाल्यावर शरीरात काय घडते

बोटाला विळी लागली की पहिल्या काही क्षणांत रक्तवाहिनी आक्रसते, रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, त्या जागी गोळा होऊन एकमेकींना चिकटतात आणि तात्पुरते बूच बसते. मग रक्त गोठण्याची साखळी सुरू होऊन त्या बुचाभोवती धाग्यांची जाळी विणली जाते. काही मिनिटांत ती जागा लाल होते, ठणकते, खाजते. काही तासांत पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. आणि काही दिवसांत शरीर त्या शत्रूची खास ओळख पटवून घेते व त्याच्यासाठी घडवलेली प्रतिपिंडे तयार करते. डासाला यांतील फक्त पहिल्या दोन-तीन गोष्टींशी सामना करावा लागतो, गोचिडीला सगळ्याच.

या साऱ्या कामाचे कारागीर म्हणजे विकरे, ज्यांना आपण एन्झाइम म्हणूनही ओळखतो. विकर हे एक प्रथिन असते आणि ते एखादी ठरावीक रासायनिक क्रिया झपाट्याने घडवून आणते. आपल्या विषयापुरती महत्त्वाची आहेत ती प्रथिने कापणारी विकरे. त्यांना कात्र्या समजावे. प्रत्येक कात्रीच्या पात्यांमध्ये एक खाच असते, त्या खाचेत बसेल असेच प्रथिन ती कापते, आणि पुष्कळदा त्या कापण्यामुळेच समोरचे प्रथिन जागे होते. गावात रात्री आग लागली की एक जण शेजारच्या चार घरांच्या कड्या वाजवतो, ते चौघे उठून आणखी सोळा घरे उठवतात, आणि पाच मिनिटांत सारी वाडी हंड्या-कळश्या घेऊन जमते. रक्त गोठण्याची साखळी अशीच चालते: एक विकर दुसऱ्याला कापून जागे करते, दुसरे तिसऱ्याला, आणि शेवटी थ्रॉम्बिन नावाचे विकर रक्तात विरघळलेल्या प्रथिनापासून धाग्यांची जाळी बनवते. सूज आणणारी, पांढऱ्या पेशींच्या हातातली, जंतूंच्या अंगाला भोके पाडणारी यंत्रणा, या सगळ्या ठिकाणी अशाच कात्र्या आहेत.

यात शरीराचे बळ आहे तसा कमकुवतपणाही आहे. कड्या वाजवत निघालेल्या पहिल्या दोन-चार माणसांनाच कोणी अंधारात धरून ठेवले, तर वाडी झोपलेलीच राहील.

चाप, गाठ आणि पाचर

गोचिडीच्या लाळेत शेकडो प्रकारची प्रथिने सापडतात आणि त्यांतील एक मोठा भाग अशा कात्र्या अडवणाऱ्या रोधकांचा आहे. ते काम करतात तरी कसे, हे तीन नमुन्यांवरून पाहता येईल.

पहिला नमुना उंदराच्या चापाचा. ‘सर्पिन’ नावाच्या प्रथिनांच्या अंगावर एक सैल फास बाहेर आलेला असतो, आणि तो कात्रीला आपल्या नेहमीच्या भक्ष्यासारखा वाटतो. कात्री तो कापायला जाते, पण काप अर्धवट झालेला असतानाच चाप सुटतो: फासाचे टोक झटक्यात प्रथिनाच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाते आणि त्याला चिकटलेली कात्रीही सोबत फरफटत नेली जाते. हे अंतर सुमारे ७ नॅनोमीटरचे, पण त्या मापाच्या जगात ते फार मोठे आहे. या हिसक्यात कात्रीची पातीच वेडीवाकडी होतात आणि ती पुन्हा कधीही कापू शकत नाही. चापही पुन्हा वापरता येत नाही. एका कात्रीमागे एक चाप खर्ची पडतो. विशेष म्हणजे हा डाव मुळात आपलाही आहे, कारण रक्त जागोजागी गोठू नये म्हणून आपल्या रक्तातही ॲन्टीथ्रॉम्बिन नावाचे सर्पिन असते. युरोपात आढळणाऱ्या ‘इक्सोडिस रिसिनस’ या गोचिडीच्या लाळेतील एक सर्पिन पांढऱ्या पेशींतील कॅथेप्सिन-जी आणि मास्ट पेशींतील कायमेज या दोन विकरांना धरते. मास्ट पेशी म्हणजे कातडीत ठाण मांडून बसलेल्या, धोका दिसताच सूज व खाज आणणारी रसायने ओतणाऱ्या पहारेकरी पेशी. त्यांच्या हातातली हत्यारेच निकामी केली की सूज मंदावते.

दुसरा नमुना ‘कुनिट्झ’ घराण्याचा. ही आटोपशीर, गाठीसारखी घट्ट प्रथिने असतात आणि त्यांचे एक टोक कात्रीच्या खाचेत असे चपखल बसते की कात्रीला ते कापताही येत नाही आणि सोडताही येत नाही. मऊ पाठीच्या एका आफ्रिकी गोचिडीपासून १९९० मध्ये वेगळे केलेले अशा घडणीचे एक प्रथिन केवळ ६० अमिनो आम्लांचे आहे आणि ते रक्त गोठण्याच्या साखळीतील ‘दहावा घटक’ या एकाच दुव्याला पकडते. पण मला सर्वांत जास्त थक्क करते ते आफ्रिकेतील गुरांच्या कानांवर राहणाऱ्या तपकिरी गोचिडीचे प्रथिन. मास्ट पेशींतील ट्रिप्टेज या विकराची रचना अशी असते की चार कात्र्या गोल बसलेल्या आणि त्यांची पाती आतल्या अरुंद बोळात वळलेली. आपल्या शरीरातील बहुतेक रोधक त्या बोळात शिरूच शकत नाहीत. या गोचिडीने आपले कुनिट्झ प्रथिन इतके काटछाट करून सडपातळ केले आहे की ते त्या बोळात जाऊन आतल्या पात्यांपर्यंत पोहोचते. अर्थात गोचिडीने हे ठरवून केलेले नाही. ज्या गोचिडींचे प्रथिन योगायोगाने जरा बारीक झाले त्यांना पोटभर रक्त मिळाले, त्यांनी जास्त अंडी घातली, आणि कोट्यवधी वर्षांत ती घडण पक्की झाली.

तिसरा नमुना आहे ‘सिस्टॅटिन’, आणि त्याच्या कामाला मराठीत नेमका शब्द आहे: पाचर. या प्रथिनाची एक कड खरोखरच पाचरीसारखी निमुळती असते आणि ती विकराच्या खाचेत ठोकल्यासारखी बसते. अमेरिकेतील हरणांवरच्या गोचिडीच्या लाळेतील ‘सायलोस्टॅटिन-एल’ हे असे सिस्टॅटिन असून ते कॅथेप्सिन-एल आणि कॅथेप्सिन-एस या विकरांना अडवते. येथे गोष्ट केवळ सूज थांबवण्यावर थांबत नाही. आपल्या कातडीतील काही पेशी बाहेरून आलेल्या वस्तूचे तुकडे करतात आणि ते तुकडे आपल्या पृष्ठभागावरच्या एका खास खोबणीत ठेवून टी-पेशींना, म्हणजे शत्रूची खास ओळख पटवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात, जणू पोलीस ठाण्यात मुद्देमाल मांडावा तसे. ती खोबण आधी एका प्रथिनाने झाकलेली असते, आणि ते झाकण कापून काढण्याचे काम कॅथेप्सिन-एसकडे असते. त्याच्या खाचेत पाचर बसली की झाकण निघत नाही, मुद्देमाल मांडला जात नाही, आणि टी-पेशींना गुन्हा घडल्याचे कळतच नाही. प्रयोगशाळेत सायलोस्टॅटिन दिल्यावर टी-पेशींची वाढ मंदावलेली दिसली ती यामुळेच.

टीपकागद आणि मुकी शिट्टी

लाळेतील सारीच प्रथिने विकरांना अडवत नाहीत. काही स्वतःच विकरे असतात: एपिरेज नावाचे विकर जखमी पेशींतून सांडलेले एटीपी व एडीपी हे रेणू मोडून टाकते आणि त्यामुळे बिंबिकांना गोळा होण्याची हाकच मिळत नाही, दुसरे एक विकर वेदना व सूज आणणाऱ्या ब्रॅडिकायनिनचे तुकडे करते. चावा न दुखण्यामागे याचाही हात आहे. काही प्रथिने टीपकागदासारखी असतात. खाज आणणारे हिस्टामीन शोषून घेणारी प्रथिने १९९९ मध्ये त्याच आफ्रिकी कान-गोचिडीत सापडली, आणि त्यांच्या एकेका रेणूत हिस्टामीन बसण्यासाठी दोन खळगे असतात.

आपल्या गल्लीतील कुत्र्यांच्या कानांत आणि पंज्यांत जी तपकिरी गोचीड नेहमी दिसते, तिच्या लाळेत ‘इव्हॅसिन’ नावाची प्रथिने आहेत. जखमेच्या जागी असलेल्या पेशी केमोकाइन नावाचे संदेश सोडतात, आणि त्यांच्या मागावर पांढऱ्या पेशी वाट काढत येतात. पोलिसाने शिट्टी फुंकावी आणि चौकातले इतर शिपाई धावावेत, असे. इव्हॅसिन त्या संदेशांनाच मिठी मारून बसते, म्हणून शिट्टी फुंकली जाते पण ऐकू कोणालाच येत नाही. हरणांच्या गोचिडीतील ‘सॅल्प-१५’ हे प्रथिन टी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-४ या खुणेला चिकटून त्या पेशी जाग्या होऊ देत नाही. जंतूंच्या अंगाला भोके पाडणाऱ्या ‘पूरक’ यंत्रणेतील सी-५ हे प्रथिन कापले जाऊ नये म्हणून त्यालाच कवटाळून बसणारे प्रथिनही एका मऊ पाठीच्या गोचिडीत आहे.

एका कामाला इतकी प्रथिने कशाला, असे वाटेल. कारण शरीरानेही प्रत्येक कामाला दोन-तीन वाटा ठेवलेल्या आहेत. हिस्टामीन टिपले तर ट्रिप्टेज सूज आणते, एक केमोकाइन अडवले तर दुसरे पेशींना बोलावते. एक दार लावून भागत नाही, म्हणून वाड्याच्या प्रत्येक दाराला गोचिडीने वेगळी कडी करून घेतली आहे.

गोचिडीच्या पाठोपाठ जंतू

लाळेला रोगाच्या दृष्टीने महत्त्व येते ते येथे. गोचिडीने स्वतःच्या पोटासाठी जी जागा शांत केली, तीच जागा विषाणूंना आणि जिवाणूंना आयती मिळते. अमेरिकेतील संशोधक होजे रिबेरो आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये गोचिडीच्या लाळेत रक्त गोठू न देणारे, सूज कमी करणारे आणि प्रतिकार दडपणारे असे तिन्ही गुण एकत्र असल्याचे दाखवले. त्याच दशकात इंग्लंडमध्ये पॅट्रिशिया नटॉल यांच्या गटाने थोगोटो नावाच्या विषाणूवर केलेले प्रयोग आणखी पुढे गेले. त्यांनी गिनीपिगवर संसर्ग असलेल्या आणि निरोगी अशा गोचिडी एकाच वेळी सोडल्या. गिनीपिगच्या रक्तात विषाणू आढळण्याइतकाही नव्हता, आणि तरी निरोगी गोचिडींना संसर्ग झाला. पुढे त्यांनी नुसता विषाणू टोचला आणि विषाणूबरोबर गोचिडीच्या लाळग्रंथींचा अर्क टोचला, तेव्हा अर्काबरोबर टोचलेला विषाणू कितीतरी अधिक गोचिडींपर्यंत पोहोचला.

म्हणजे प्राणी आजारी दिसत नाही, त्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, आणि तरी त्याच्या कातडीच्या एका कोपऱ्यात शेजारी-शेजारी जेवायला बसलेल्या गोचिडी विषाणूची देवघेव करतात. रोगाचा साठा कोठे आहे हे केवळ प्राण्यांचे रक्त तपासून का सांगता येत नाही, याचे एक कारण हेच.

गोचिडीतूनच पसरणाऱ्या लाइम रोगाच्या जिवाणूने तर लाळेचा थेट चिलखतासारखा उपयोग केला आहे. वर सांगितलेले सॅल्प-१५ तो स्वतःच्या अंगाला लपेटून घेतो आणि त्या पांघरुणाखाली प्रतिपिंडांपासून वाचतो, असे २००५ मध्ये दिसून आले. लाइम रोग ही प्रामुख्याने उत्तर अमेरिका आणि युरोपातील समस्या आहे. तेथे राहणाऱ्या मराठी मंडळींना उन्हाळ्यात बागेतून आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे आणि काखेतले भाग तपासायची सवय असते, ती यासाठीच.

मग गोचीड चावली की माणसाची प्रतिकारशक्ती कायमची घटते का?

नाही. ‘प्रतिकार दडपते’ हे शब्द ऐकून तसे वाटणे साहजिक आहे, पण लाळेचा प्रभाव मुख्यतः चाव्याच्या जागी आणि गोचीड चिकटलेली असेपर्यंतच असतो. माणसाला एखाददुसरी गोचीड चावल्याने त्याला सर्दी-पडसे अधिक होईल असे काही घडत नाही. धोका त्या चिमूटभर जागेत आहे, कारण तेथून आत शिरलेला विषाणू पुढे साऱ्या शरीरात पसरू शकतो. गुरांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण एका जनावरावर शेकडो गोचिडी असतील तर त्यांनी प्यायलेले रक्त आणि त्यांनी सोडलेली लाळ या दोन्हींचा भार मोठा होतो, आणि जनावर खंगते.

लाळेविरुद्ध शरीर प्रतिपिंडे का तयार करत नाही?

करते, पण बहुतेकदा उशिरा आणि चुकीच्या लक्ष्यावर. गोचीड एकाच वेळी सारी प्रथिने सोडत नाही. पहिल्या दिवशी जी प्रथिने लाळेत असतात त्यांतील कित्येक चौथ्या दिवशी नसतात. त्यांच्या जागी तेच काम करणारी, पण दिसायला निराळी भावंडे आलेली असतात. पहिल्या दिवसाच्या प्रथिनाची ओळख पटवून त्यावर प्रतिपिंडे तयार होईपर्यंत ते प्रथिन मंचावरून निघून गेलेले असते. शिवाय एकेका प्रथिनाची मात्रा अगदी थोडी असते. लाळेतील एखादे प्रथिन प्रयोगात बंद पाडले तरी गोचीड बऱ्याचदा तग धरते, ते या भावंडांच्या जोरावर.

गाईला वर्षभर गोचिडी असतात, तिला सवय कशी होत नाही?

काही जनावरांना ती खरोखरच होते, आणि या विषयातील आशेचा धागा तेथेच आहे. विल्यम ट्रेगर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये दाखवले की गिनीपिगवर एकदा गोचिडी पोसल्या गेल्या की पुढच्या खेपेला सोडलेल्या गोचिडी नीट रक्त पिऊ शकत नाहीत, अर्धपोटी गळून पडतात. आता आपल्याला माहीत आहे की त्या गिनीपिगच्या कातडीत बेसोफिल नावाच्या पेशी गोळा होतात आणि हिस्टामीन ओततात. इतके, की टीपकागद पुरा पडत नाही.

गुरांमध्येही हा फरक दिसतो. वशिंड असलेल्या देशी जाती, आपल्याकडच्या खिल्लार, डांगी, गीर यांसारख्या, आणि गुरांवरची नेहमीची गोचीड यांचा एकमेकींशी हजारो वर्षांचा सहवास आहे, आणि या गाई लाळेला चांगली प्रतिक्रिया देतात. त्यांच्या अंगावर ठरणाऱ्या गोचिडी कमी असतात. युरोपीय रक्ताच्या होल्स्टिन किंवा जर्सी गाई आणि त्यांचे संकर यांच्यात ही ताकद कमी असते. संकरित गाई पाळणाऱ्या दुग्धव्यावसायिकांना गोचीड तापाची जी धास्ती असते, तिचे एक मूळ येथे आहे. त्यामुळे ‘देशी गाईला गोचीड कमी लागते’ हे जुन्या शेतकऱ्यांचे बोलणे भाबडे मानू नये. त्याला कातडीतील पेशींचा आधार आहे.

चोवीस तासांत गोचीड काढली तर धोका नाही, हे खरे का?

लाइम रोगापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण त्याचा जिवाणू गोचिडीच्या पोटात असतो आणि तेथून लाळेपर्यंत यायला त्याला साधारण दीड-दोन दिवस लागतात. पण विषाणू पुष्कळदा आधीपासूनच लाळग्रंथीत बसलेले असतात. अमेरिकेतील पोवासन हा गोचिडीतून पसरणारा विषाणू प्रयोगातील उंदरांपर्यंत १५ मिनिटांत पोहोचला, आणि माकडतापाचा विषाणू त्याच्याच कुळातला आहे. म्हणून आपल्याकडे घड्याळाचा हिशेब करू नये. दिसली की लगेच काढावी, आणि मुळात ती चिकटणारच नाही अशी काळजी घ्यावी.

काढताना बारीक चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत, तोंडापाशी धरून, पिळ न देता सरळ वर ओढावे आणि ती जागा साबणाने धुवावी. रॉकेल ओतणे, पेटती काडी लावणे, तंबाखू चोळणे हे उपाय टाळावेत, कारण गोचीड चिमटीत दाबली गेली किंवा डिवचली गेली तर तिच्या तोंडातला ऐवज आपल्याच जखमेत उतरण्याची भीती असते. त्यानंतरच्या दिवसांत ताप आला तर रानात गेल्याचे आणि गोचीड चावल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

लाळेचे औषध, लाळेविरुद्धची लस

एकाच कात्रीला नेमके ओळखून अडवणारे रेणू हेच तर औषधशास्त्राला हवे असतात, त्यामुळे गोचिडीच्या लाळेकडे संशोधकांचे लक्ष गेले नसते तरच नवल. सी-५ ला कवटाळणाऱ्या प्रथिनापासून तयार केलेले औषध तांबड्या पेशी फुटण्याच्या एका दुर्मीळ आजारासाठी माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले, आणि इव्हॅसिनवर सूज आणणाऱ्या आजारांच्या दृष्टीने काम चालू आहे.

लशीचा प्रश्न अधिक अवघड आहे. गुरांसाठीची गोचीडविरोधी लस १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात बाजारात आली, पण तिचे लक्ष्य लाळ नव्हते. ती गोचिडीच्या आतड्यातील एका प्रथिनावर बेतलेली आहे: गाय लसीमुळे त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, गोचीड रक्ताबरोबर ती पिते, आणि मग ती प्रतिपिंडे तिच्याच पोटात तिचे आतडे बिघडवतात. ही वाट निवडण्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. लाळेतील प्रथिने कोट्यवधी वर्षे आपल्या प्रतिपिंडांच्या नजरेसमोर घडली आहेत, त्यामुळे ती चकवा द्यायला शिकलेली आहेत. आतड्यातले प्रथिन मात्र कधी कोणासमोर आलेच नव्हते, त्यामुळे त्याला लपण्याची गरजच पडली नव्हती. उणीव अशी की गोचीड चावल्याने या प्रतिपिंडांची आठवण ताजी होत नाही, आणि लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते.

लाळेची वाट पुन्हा धरली ती येल विद्यापीठातील संशोधकांनी. कोविडच्या लशींमुळे घराघरांत पोहोचलेले एमआरएनए तंत्र वापरून त्यांनी एक नव्हे तर हरणांच्या गोचिडीच्या लाळेतील १९ प्रथिनांचे आराखडे एकाच लशीत घातले, आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. लस दिलेल्या गिनीपिगवर गोचीड चिकटताच एका दिवसाच्या आत ती जागा लालभडक झाली, पुष्कळ गोचिडी पोट भरण्याआधीच गळून पडल्या, आणि लाली दिसताच गोचीड काढली तेव्हा लाइमचा जिवाणू गिनीपिगमध्ये शिरलेला आढळला नाही. उंदरांमध्ये मात्र हा परिणाम दिसला नाही. त्या गोचिडीची पिल्ले रानात प्रामुख्याने उंदरांवरच पोसली जातात, आणि उंदरांना कसे गप्प ठेवायचे हे तिच्या लाळेला पुरते अवगत आहे.

माणूस या दोहोंत कोठे बसतो, याचा एक धागा अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील ब्लॉक आयलंड या बेटावर सापडला होता. तेथील रहिवाशांना वर्षानुवर्षे गोचिडी चावत आलेल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी ज्यांना चाव्याच्या जागी वारंवार खाज सुटत असे त्यांना लाइम रोग कमी वेळा झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. ज्यांची कातडी लाळेला फसत नव्हती, त्यांचा हात वेळेवर तेथे जात होता. लशीकडून संशोधक आज जी अपेक्षा करत आहेत, ती नेमकी हीच: गोचीड चिकटल्यावर पहिल्याच दिवशी सुटणारी, न टाळता येणारी खाज.